उसवबाई

बाई कात्री वापरत नसत. विणकामात चूक दिसली की त्या लोकरीचं टोक शोधायच्या, दोन बोटांत धरायच्या आणि ओढायच्या. तीन आठवड्यांचा स्कार्फ तीन मिनिटांत उसवला जायचा. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. मटार सोलताना बायकांचा चेहरा असतो, तसा असायचा. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावरच्या त्यांच्या पुढच्या खोलीत मी अकरा वर्षं विणलं. त्यातलं निदान दोन वर्षांचं काम त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत परत गुंड्यात गुंडाळलं असेल. पाठीमागे आम्ही त्यांना उसवबाई म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं नाव तरी पडलं. तुमचं नाव पडावं असं तुम्ही काय केलंय?"

बाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्याविषयी गोड लिहायला मला जमणार नाही. पण अजून हातात सुई घेतली की पाठ ताठ होते, ती त्यांच्यामुळे.

मुंबईत लोकरीचे स्कार्फ घालतं कोण, असं मला पुष्कळजण विचारायचे. कोणी घालत नाही. आमचे स्कार्फ अंधेरीच्या एका दुकानदारीणबाईंकडे जायचे आणि तिथून थंड देशांत. आम्ही सहाजणी मे महिन्यात मांडीवर लोकर घेऊन बसायचो. पंखा दोनवर, कारण त्यापुढे गेला की तंतू उडतात. हातांना दर अर्ध्या तासाने पावडर. रेश्मा नावाची एक नवी मुलगी कंटाळून म्हणाली, "बाई, पंखा तीनवर करू ना? जीव जातोय." बाई म्हणाल्या, "तुझ्या घामाचा वास तिकडच्या बाईला पहिल्याच दिवशी यायला नको. आपण कोण हे तिला कळायची काही गरज नाही. पावडर लाव." रेश्मा पुढच्या आठवड्यात आली नाही. बाईंनी तिचं अर्धवट काम उसवलं आणि तिची सुई धुऊन ठेवली.

नक्षी मात्र त्यांच्यासारखी कुणाला सुचलेली मी पाहिली नाही. शाळेतली मुलं वापरतात तसल्या आलेखाच्या वहीत त्या चौकटी भरत बसायच्या. रंग आणायच्या मासळी बाजारातून. माहेर मालवणकडचं. बाजारातून बांगडा आणला की तो चिरायच्या आधी ताटात ठेवून त्याच्या पाठीला लोकरीचे तुकडे लावून बघायच्या. हिरवट निळी पाठ, तिच्यावर काळसर नागमोडी रेघा, खाली पोटाची चंदेरी पट्टी. तो स्कार्फ सगळ्यात जास्त खपला. आमच्यातल्या हंसाबेन कांदालसूणसुद्धा न खाणाऱ्या. त्यांना बाईंनी सांगितलं होतं की ह्या समुद्राच्या लाटा आहेत. सहा महिने हंसाबेननी भक्तिभावाने लाटा विणल्या. मग एके दिवशी त्यांनी लाटांच्या रुंदीवरून वाद घातला. बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "हंसाबेन, तुम्ही बांगडा विणताय. चाळीस झाले." हंसाबेननी सुई टाकली. "छी. आधी बोलायचं ना बाई." बाई म्हणाल्या, "आधी बोलले असते तर चाळीस झाले असते का?"

काम तपासायची त्यांची रीत अशी. डोळे मिटायचे आणि स्कार्फ दोन्ही तळव्यांमधून सरकवत न्यायचा. चुकलेला टाका त्यांना बोटांना लागायचा. माझ्या सासूबाई हॉस्पिटलात होत्या, तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून एक स्कार्फ पुरा केला होता. बाईंचे तळवे मध्यावर थांबले. "काय गो वैशाली, इथून पुढे सव्वीस ओळी तू कुणावर तरी चिडलेली आहेस. टाके आवळलेत."

"सासूबाई आजारी आहेत, बाई."

"मग तो राग सासूला दे. गिऱ्हाईकाच्या गळ्याला कशाला?" असं म्हणून त्यांनी टोक शोधलं. मला तेव्हा त्यांचा गळा धरावासा वाटला होता. पण सव्वीस म्हणजे सव्वीसच ओळी होत्या. मी घरी जाऊन मोजल्या होत्या, आधी काढून ठेवलेल्या फोटोत.

त्या खोलीत एकीचंच काम कधी उसवलं जायचं नाही. कुंदाताईंचं. त्या बाईंच्या पहिल्यापासूनच्या सोबतीण, सत्तरी ओलांडलेल्या. भांडुपला मुलाकडे राहायच्या आणि रोज बसने यायच्या. बाईंना नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्या. "सुमे, चहात साखर घातलीस का नुसती दाखवलीस?" असं त्या बोलायच्या आणि बाई निमूट उठून साखर आणायच्या. कुंदाताईंची खुर्ची खिडकीशी, उजेडात. बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. हात सैल पडला होता, ओळीतले खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजायचे राहून जायचे. त्यांच्या स्कार्फची एक कड दुसरीपेक्षा चार बोटं लांब निघायची. आणि बाई तो तळव्यांमधून न सरकवता, नुसता घडी घालून म्हणायच्या, "छान झालाय कुंदे. हा जाईल."

आम्हा बाकीच्यांना कधी छान ऐकायला मिळालं नव्हतं. अंधेरीचं पार्सल बांधायचं काम माझं होतं. कुंदाताईंचे स्कार्फ त्यात नसायचे. विचारलं तर बाई म्हणायच्या, "तिचं खास गिऱ्हाईक आहे. ते मी वेगळे पाठवते." मला ते खरं वाटायचं. खरं वाटायचं म्हणूनच डोक्यात जायचं.

मग मी स्वतःची पहिली नक्षी काढली. गोकर्णीच्या फुलांची, जाळीदार, टोकांना गोंडे. तोवर बाईंनी दुसऱ्या कुणाची नक्षी कधी पाठवली नव्हती. मी आलेखाची वही घेतली, बारा पानं फाडली, तीन आठवडे विणलं आणि एका सोमवारी तो स्कार्फ त्यांच्या हातात दिला. सगळ्याजणी बघत होत्या. बाईंनी डोळे मिटले. तळवे सरकत शेवटपर्यंत गेले. मी श्वास सोडणार तेवढ्यात ते परत सुरुवातीला आले.

"आठव्या ओळीत एक खांब कमी आहे."

"एक खांब कुणाला दिसणार बाई?"

"मला." त्यांनी टोक ओढलं. फुलं एकेक करून गेली. त्यानंतर त्यांनी शेजारच्या टेबलावरचा कुंदाताईंचा जांभळा स्कार्फ उचलला. सापासारखा वाकडा होता तो. "बघून घे," त्या मला म्हणाल्या. "असं मन लावून काम करतात."

कुंदाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, लाजल्या.

त्याच आठवड्यात बुधवारी मी लवकर पोचले. हात धुवायला मागच्या बाल्कनीत गेले तर दोरीवर ओल्या जांभळ्या लोकरीच्या लडी लटकत होत्या. प्रत्येकीच्या खाली एकेक जुनं लोखंडी वजन बांधलेलं. उसवलेली लोकर कुरळी होते. ती सरळ करायची तर लडी करून कोमट पाण्यात धुवावी लागते आणि अशी वजन लावून वाळवावी लागते. एका स्कार्फची लोकर अशी तयार करायला तीन-चार दिवस मोडतात. आमच्या चुकांची लोकर बाई कधी अशी धूत नसत. ती आम्ही कुरळीच वापरायचो. मी वळले तर बाई दारात उभ्या होत्या. "पावडर लाव आणि बस," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाईंनी जांभळा गुंडा कुंदाताईंच्या मांडीवर ठेवला. "कुंदे, नवी लोकर आलीय. तुला जांभळा आवडतो ना."

मी कप खाली ठेवला. "नवी नाही ती, कुंदाताई. तुमच्याच स्कार्फची आहे. बाई तुमचे स्कार्फ उसवतात आणि धुऊन तुम्हालाच परत देतात. पार्सल मी बांधते. तुमचा एकही स्कार्फ कधी इथून गेलेला नाही."

मला तेव्हा अगदी हलकं वाटलं, हे मी लपवणार नाही.

कुंदाताईंनी गुंडा हातात फिरवला. "मला माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "ही लोकर तिसऱ्यांदा आलीय माझ्याकडे. चाळीस वर्षं विणतेय मी. उसवलेली लोकर माझ्या हाताला कळणार नाही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज लोकर हाताळणारी मी, आणि त्यांच्या बोटांना काही कळत नसेल असं धरून चालले होते. बोटं वाकडी झाली होती, एवढंच.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? सुमन देत होती, मी विणत होते. दिवस जात होता." त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. "आता तू सगळ्यांसमोर बोललीस. आता कशी विणू?"

गुंडा त्यांनी टेबलावर ठेवला, घरंगळणार नाही असा. चष्मा डबीत घातला. चहा पुरा प्यायल्या. "येते गं," म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

बाई मला हाकलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला कप उचलायला सांगितले. सगळ्या गेल्यावर मीच म्हणाले, "बाई, मी खरं तेच बोलले."

"हो," त्या म्हणाल्या. "टाका बरोबर होता. जागा चुकली. असा टाका मी ठेवते का?"

"नाही."

"उद्यापासून खिडकीशी तू बस. उजेड चांगला येतो तिथे."

मी बसले. नको म्हणायची सोय नव्हती. माझ्यासमोर टेबलावर तो जांभळा गुंडा तसाच असायचा आणि बाई रोज तो उचलून, खालची धूळ पुसून, परत तिथेच ठेवायच्या. त्या खोलीत बाईंना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कुणाला छान म्हणायचीही गरज उरली नव्हती, आणि त्यांनी ते परत कधी म्हटलं नाही.

महिनाभराने मी नवी कोरी लोकर घेऊन भांडुपला गेले. कुंदाताईंनीच दार उघडलं. "सुमनने पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"मग ती लोकर घरी ने." मला त्यांनी बसवलं, पोहे दिले. सून आत होती म्हणून हळू आवाजात म्हणाल्या, "घरात मी सांगितलंय की मीच सोडलं. डोळे दुखतात म्हणून. तू इथे काही बोलू नकोस हं. तुझ्या तोंडाचा भरवसा नाही." हसून म्हणाल्या, पण मी हसले नाही. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत अडकवलेली होती. मी पोहे संपवून निघाले.

वर्षभराने त्या गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. बाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "भांडुपला जायचंय. तू चल."

सुनेने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला. ती रडून मोकळी झाली होती, आता तिला बोलायचं होतं. "शेवटचं वर्ष आई नुसत्या बसून असायच्या," ती म्हणाली. "टीव्हीसुद्धा लावायच्या नाहीत. मी म्हणायचे, थोडं विणा, मला एखादा करा. तर म्हणायच्या, माझे परदेशात जायचे, आता घरातल्यासाठी काय विणू?" ती थांबली. मग बाईंना म्हणाली, "त्यांचं कुणीतरी खास गिऱ्हाईक होतं ना? आई फार सांगायच्या. कोण होतं हो ते? यांना बाराव्याला चार शब्द बोलायचेत. ते सांगितलं तर बरं होईल."

बाईंनी बशी हातात घेतली. "वैशालीला विचार," त्या म्हणाल्या. "पार्सल ती बांधायची. आणि तिला खोटं बोलायची सवय नाही."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. दारात मुलगाही येऊन उभा राहिला.

मी म्हणाले, "नॉर्वेत एक बाई आहेत." आवाज माझाच होता. "उंच आहेत, वयस्कर. शाळेत शिकवतात. दर थंडीला कुंदाताईंच्याच हातचा स्कार्फ मागवायच्या. दुसऱ्या कुणाचा पाठवला तर परत करायच्या."

"रंग कुठला?" मुलाने विचारलं.

"जांभळा. नेहमी जांभळा. कड थोडी वाकडी असते, म्हणून तर त्यांना आवडायचा. मशीनचा नाही हे कळतं, असं त्यांनी कळवलं होतं."

सून पदराने डोळे पुसत मान हलवत होती. मुलगा मोबाइलवर टिपून घेत होता. मला वाटलं, झालं.

बाईंनी घोट घेतला. डोळे मिटलेले होते.

"शाळेत नाही, वैशाली," त्या म्हणाल्या. "नर्स आहे ती. रात्रपाळीला जाताना घालते. नीट सांग."

मी पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.