एक डोळा मिटून

माझ्या साडूंच्या हाती धडधाकट दुर्बीण दिली आणि ती धडधाकटच परत आली, असं अख्ख्या नागपूर जिल्ह्यात एकदाही घडलेलं नाही. खरं तर धडधाकट दुर्बिणीत त्यांना रसच नव्हता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ते खापरखेड्याला वीजकेंद्रात नोकरीला होते, पण सुटी मिळाली की नागपुरात येऊन जुन्या बाजारात हिंडायचे. गोणपाटावर माल मांडून बसलेल्याला विचारायचे, "बिघडेल हाय काय गा?" तो बिचारा पोराबाळांची शपथ घेऊन सांगायचा की नाही साहेब, एकदम चांगली आहे, की हे पुढे चालायला लागायचे. मोठ्या फौजी दुर्बिणी त्यांना वर्ज्य. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी, चामडं सुटलेली, चाक गंजून जाम झालेली दुर्बीण दिसली की मुलीला चांगलं स्थळ सांगून आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "यायले बिघडेल काहीतरी आणून देत जा. चार दिवस घरात भांडण नाही होत."

भांडण होत नसे, कारण त्या चार दिवसांत घरात जगणंच बंद असे. पंखा बंद, कारण धूळ उडते. कूलर बंद, कारण ओलीनं काचेला बुरशी धरते. हे सगळं मे महिन्यात. आम्ही पाहुणे कुरडयांसारखे त्या खोलीत वाळत बसायचो. मधोमध घरातलं मोठं ताट, भोवती आठ वाट्या. कुठे स्क्रू, कुठे कड्या, कुठे भिंगं, कुठे ते त्रिकोणी काचेचे लोलक, आणि प्रत्येक वाटीखाली एक चिठ्ठी. 'डावी बाजू. हळू फिरवणे. घाई करू नये.' वाट्या सगळ्या कामाला लागल्यामुळे वरण आम्ही पेल्यातून प्यायचो. चिठ्ठ्यांचा नाद त्यांना असा की एकदा देव्हाऱ्यातल्या समईखालीही 'वात ओढू नये' अशी सूचना मी स्वतः वाचली आहे. मेव्हणीबाई ती रोज बाजूला करायच्या आणि वात ओढायच्या.

त्यांच्या कारागिरीत दोष एकच होता, पण तो दुर्बिणीएवढाच होता. घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावून लावून त्यांना एक डोळा मिटूनच बघायची सवय जडलेली. दुर्बीण जुळवून झाली की ते उजव्या नळीतून बघत, "एकदम फस्क्लास." मग डाव्या नळीतून बघत, "एकदम फस्क्लास." दोन्ही डोळ्यांनी एकदम बघायचा मोह त्यांना कधी झालाच नाही. आम्हा सामान्य माणसांना तो व्हायचा, आणि अंगणातल्या एका कडुलिंबाचे आम्हाला दोन कडुलिंब दिसायचे. पण सांगणार कोण? सासरच्या माणसांनी जावयाच्या कामाला नाव ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. मीही जावईच, पण धाकटा. साडूनं साडूच्या कामात खोट काढली तर तिला परीक्षण म्हणत नाहीत, जळफळाट म्हणतात. मी आपला दोन्ही कडुलिंबांची तारीफ करून मोकळा व्हायचो.

आमच्या सासऱ्यांकडे अशीच एक इवलीशी दुर्बीण होती. पारशिवनीला घराच्या ओसरीवर बसून ते तिच्यातून नाल्यापलीकडचं आपलं शेत बघायचे. कोण कामाला आलं, कोण बांधावर बिडी ओढत बसलं, सगळं त्यांना इथूनच कळायचं. एकदा ते साडूंना म्हणाले, "जवाईबापू, पल्याडचं सारं धुकट दिसून राहिलं जी. काचेत काही हाय का, पाहा ना." साडूंनी ती खोलली, स्पिरिटनं पुसली, लावून दिली. महिन्याभरात पुन्हा तेच धुकं. चार वेळा झालं. पाचव्या वेळी सासरे स्वतःच दुर्बीण घेऊन खापरखेड्याला आले.

दुपारची जेवणं झाली होती. साडूंचं दुरुस्तीचं ताट मांडलेलं, आणि त्याला खेटूनच मेव्हणीबाईंनी बडीशेप-खडीसाखर आणून ठेवली. सासऱ्यांनी हात लांबवला, एका वाटीतला खडा उचलला आणि तोंडात टाकला. थोडा वेळ चघळून लेकीला म्हणाले, "हे खडीसाखर कोठची आणली वं? विरघळूनच नाही राहिली."

तो लोलक होता. आम्ही कुणीच हसलो नाही. साडूंनी हातातला चिमटा खाली ठेवला, सासऱ्यांपुढे तळहात धरला आणि म्हणाले, "मामाजी, ते मले द्या. जुनी असन. हे घ्या दुसरी." खरी खडीसाखर त्यांनी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. मग मला अंगणात नेऊन म्हणाले, "मोतीबिंदू हाय गा. दुर्बिणीत कधी काहीच नव्हतं." हे शेवटचं वाक्य ऐकून मला दोन कडुलिंब आठवले, पण ती वेळ नव्हती.

सासरे ऑपरेशनला तयार होईनात. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. "आता निदान धुकं तं दिसते," ते म्हणत, "तेही गेलं तं शेत कोण पाहीन?" मुलांनी, लेकींनी समजावलं, मीही माझं ज्ञान पाजळलं. म्हातारा हलेना. शेवटी साडू त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि जुळवलेली दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

"मामाजी, पाच खेपा खोलली म्या हे. एकबी खेप मोडली काय?"

सासरे बराच वेळ अंगठ्यानं चाक फिरवत राहिले. "नाही मोडली," म्हणाले.

"मंग डॉक्टर तं शिकेल माणूस हाय."

अशा रीतीनं, जिच्यातून एकाचे दोन दिसत होते त्या दुर्बिणीच्या भरवशावर आमचे सासरे रामदासपेठेतल्या दवाखान्यात दाखल झाले. साडू रजा टाकून त्यांच्या उशाशी बसले. डोळ्यात टाकायच्या औषधाच्या बाटलीखाली चिठ्ठी होती : 'उजवा डोळा. चार वेळा. घाई करू नये.' पट्टी सुटली तेव्हा म्हाताऱ्यानं सगळ्यांत आधी जावयाचं तोंड पाहिलं आणि म्हटलं, "लय वाळले जी तुम्ही." साडू बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. मी पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा डोळाही झाला. जाड भिंगांचा चष्मा लावून सासरे पुन्हा ओसरीवर बसू लागले. मी एकदा पारशिवनीला गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला हळूच जवळ बोलावलं. "नाल्यावर बगळा एकच हाय," ते म्हणाले, "याच्यातून दोन दिसते. मले वाटलं, डोळ्याचंच काही चुकलं. हे बाजूले ठेवून पाह्यलं, तं एकच." मी म्हटलं, साडूंना सांगतो. त्यांनी माझा हात धरला. "काही नका सांगू. पाच खेपा घाम गाळला त्यानं माह्यापायी. म्या एक डोळा मिटून घेतो."

त्यानंतर कित्येक सणावारांना मी ते दोघं ओसरीवर शेजारी शेजारी बसलेले पाहिले. आळीपाळीनं एक-एक डोळा मिटून ते त्या बगळ्याची चौकशी करायचे, आणि मला आतल्या आत हसू यायचं. साडूंना काही माहीत नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटे.

आता दोघंही नाहीत. सासऱ्यांमागे साडूंकडे आलेली ती दुर्बीण मागल्या महिन्यात मेव्हणीबाईंनी मला दिली. "तुमीच ठेवा जी, तुमाले यायच्या कामाची कदर होती," म्हणाल्या. घरी येऊन मी तिची चामड्याची पिशवी उघडली. तळाशी साडूंच्या अक्षरात एक चिठ्ठी होती : 'दोन्ही डोळ्यांनी दोन दिसते. मामाजी बोलले नाहीत. खोलू नये.'

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मला त्या दोघांची फार आठवण आली. चिठ्ठी होती तशी आत ठेवून मी दुर्बीण घेऊन खिडकीशी गेलो. बायकोनं मागून विचारलं, "कशी आहे हो? नीट दिसतं ना?"

मी एक डोळा मिटला आणि म्हणालो, "एकदम फस्क्लास."