शालिकरामचा दुपट्टा चुकला नव्हता

फोन तीनदा वाजला आणि तिसऱ्यांदा मी उचलला. पहिल्या दोन वेळा नाव बघून तो तसाच उपडा ठेवून दिला होता. शालिकरामच्या पुतण्याचं नाव होतं... सकाळी सात वाजता पुतण्या तीन-तीनदा फोन करतो म्हणजे काय, हे कळायला हेडमास्तर असावं लागत नाही. "सर, काका गेले," तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो. बरं! अठ्ठावीस वर्षं ज्याच्या घंटेवर माझी शाळा भरली आणि सुटली, त्याच्या मरणावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा. बायको आतून विचारत होती, कोणाचा फोन, अहो कोणाचा फोन... मी पलंगावर बसून राहिलो. त्या वेळी मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण आता लाजून भागणार नाही. मनात आलं, आता ही गोष्ट फक्त मलाच माहीत आहे.

शालिकराम आमच्या शाळेत शिपाई होता. चिचगडकडच्या जंगलाला लागून त्याचं गाव, तिथून सायकलने यायचा. मी हेडमास्तर, आणि स्वभावाने जमदग्नी. देवरीत आजही माझे जुने विद्यार्थी मला बघून विडी मागे लपवतात. शालिकराम मला कधी उलटून बोलला नाही. म्हणेन ते काम, म्हणेन त्या वेळी. फक्त एकदा, एप्रिलातल्या एका दुपारी, मी वर्गावर असताना त्याने एक वाजताच सुटीची घंटा ठोकली. पोरं हुर्रे करत पळाली. मी तणतणत बाहेर आलो. "कोणाला विचारून?" तर हा घंटेचा हातोडा हातात धरून शांतपणे म्हणाला, "पत्रे तापले, सर. पोट्टे वर्गात भाजून राहिले. कायले ठेवता?" मी त्याला मेमो दिला. त्याने सही करून घेतला. आठवडा झाला नाही तर वरूनच सकाळच्या शाळेचा हुकूम आला, तरी मेमो मी मागे घेतला नाही. तसं करण्याची आमच्यात पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझ्यात नव्हती.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. रस्त्यावर चालून कंटाळलो, तेव्हा शालिकरामच म्हणाला, "जंगलात चाला, सर. मी हावो ना." मग दर रविवारी आम्ही दोघं, कधी सोबतीला आणखी एखादा पेन्शनर, जंगलात जायला लागलो. थंडीत चोरखमाऱ्याच्या तलावावर पक्षी बघायला, पावसाळ्यात नाल्यानाल्याने, उन्हाळ्यात अगदी पहाटे डोंगरातल्या झऱ्यापर्यंत. या फिरण्यात आमचे हुद्दे उलटे झाले. निघायचं की नाही हे शालिकराम ठरवणार, आणि मी ऐकणार. पावसाळ्यात त्याचा डोळा नाल्याच्या पाण्यावर असे. उन्हाळ्यात मात्र त्याचा सगळा भरवसा दुपट्ट्यावर. खांद्यावरचा तो लाल चौकड्याचा सुती दुपट्टा रांजणात बुडवायचा, दोनदा पिळायचा आणि अंगणातल्या तारेवर पसरायचा. मग आम्ही ओट्यावर बसून चहा घ्यायचा, घाई न करता, दोन कप. चहा संपल्यावर तो उठून दुपट्ट्याच्या कडेला हात लावणार. कड ओली असली तर काठी उचलून म्हणणार, "चाला सर." कड सुकली असली तर दुपट्टा खांद्यावर टाकून आत जाणार. एवढंच. पहाटेच एवढी कोरडी हवा असेल तर दहा वाजता जंगलात काय होईल, हा त्यामागचा हिशोब. पण तो त्याने मला कधी समजावला नाही, मी आपला माझ्या अकलेने लावला.

मी त्याची कमी थट्टा केली नाही. "तुझा दुपट्टा डरपोक आहे रे," म्हणायचो. "याला एक मेमो देतो." एखाद्या रविवारी दुपट्टा नाही म्हणायचा आणि दिवसभर मस्त आभाळ राहायचं, मग तर मी आठवडाभर त्याची सालटी काढायचो. तो हसायचा. "वाचलो ना पन, सर?" म्हणायचा. एका श्रावणात त्याने आम्हाला नाल्याच्या अलीकडूनच परत फिरवलं होतं, पाणी गुडघाभरही नव्हतं, नुसतं गढूळ झालं होतं. मी वाटभर बडबडलो. आम्ही टेकाडावर चढून मागे पाहिलं तर नाल्यातून आख्खं झाड वाहत चाललेलं! मी तेव्हाही धन्यवाद म्हटलं नाही. म्हणालो, "एखाद वेळी लागतो नेम."

एकदाच मी त्याला विचारलं होतं, एवढा भितोस काऊन? त्याने सांगितलं. तरुणपणी, भर उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत धाकट्या भावाला बरं नव्हतं, तो जंगलात यायला नको म्हणत होता. "मीच म्हनलो, चाल बे, अर्धा दिवस तर आहे. मंग खांद्यावर आनलो त्याले... एक डाव 'चाल' म्हनलो, सर. पुरे झालं." त्यानंतर मी आठ-पंधरा दिवस थट्टा केली नाही. पुढे पुन्हा सुरू केली. जित्याची खोड.

यंदा मे महिन्यात माझी मुलगी मीनल बंगळुरूहून आली. चारच दिवसांसाठी. तिला तो डोंगरातला झरा दाखवायचा हे मी वर्षभर फोनवर सांगत होतो. तिथलं ते कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, मोठं झाड, त्याची गार सावली, पाण्यावर येणारे नाचण पक्षी... शुक्रवारी आम्ही शालिकरामकडे पोचलो, दुपट्टा सुकला. शनिवारी पुन्हा गेलो, पुन्हा सुकला. रविवारी संध्याकाळी गोंदियाहून मीनलची गाडी. रविवारी पहाटे आम्ही तिसऱ्यांदा त्याच्या अंगणात उभे. शालिकराम म्हणाला, "आजही नाही वाटत, सर. राती भुई थंडच नाही झाली." तरी त्याने दुपट्टा भिजवला, पिळला, टाकला. सुगरता वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा आणला. मी चहा पीत होतो आणि माझे डोळे त्या तारेवर. कड फिकी पडत चालली होती.

दुसरा कप संपत आला तेव्हा शालिकराम काही कामाने मागच्या सोप्यात गेला. वहिनी चुलीपाशी होत्या. मीनल फाटकाजवळ फोनवर रेंज शोधत होती. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, घरून भरून आणलेली, लिंबू, मीठ, साखर घातलेली. मी उठलो आणि दुपट्ट्याच्या कडेवर बाटली रिकामी केली. अर्धीच. हाताने जरा सारखं केलं. दहा सेकंद लागले असतील. काहीतरी भयंकर करतो आहोत असं वाटलंच नाही, एखाद्या पोराने मास्तरांच्या खुर्चीवर खडू घासावा तसं हसूच येत होतं मला! शालिकराम आला, त्याने कडेला हात लावला, थांबला. वर आभाळाकडे पाहिलं. "नवलच आहे," म्हणाला. मग पुन्हा एकदा हात लावला. आणि मग... "चाला सर."

स्वतःच्या नाकावर त्याचा भरवसा होता, पण दुपट्ट्यावर त्याहून जास्त होता. तो भरवसाच मी वापरला.

झऱ्यापर्यंत जाताना तसं काही झालं नाही. ऊन चढत होतं, पण मीनल खुशीत होती आणि मी तिला झाडांची नावं सांगत पुढे पुढे. शालिकरामने दुपट्टा डोक्याला बांधला होता. त्याच्याभोवती चिलटं घोंघावत होती, आमच्यापाशी एक नाही, सगळी त्याच्याच डोक्यावर. तो हाताने हाकलत चालला होता. झऱ्याला पाण्याची बारीक धार होती, तिथे त्याने तोंड धुतलं आणि दुपट्ट्याच्या टोकाने पुसलं. मग ते टोक ओठांशी तसंच धरून राहिला. "दुपट्टा गोड लागून राहिला, सर," असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मेमो घेताना पाहिलं होतं तसंच. मी बाटलीचं झाकण लावायचं सोंग केलं. तो कहूच्या बुंध्याशी बसला आणि म्हणाला, "सांजेपरेंत इथंच बसू. सावली आहे, पानी आहे. ऊन उतरलं का जाऊ."

याहून शहाणं वाक्य त्या दिवशी कोणी बोललं नाही. मी म्हणालो, "मीनलची गाडी चुकेल." मीनल म्हणालीसुद्धा, "बाबा, चुकू द्या ना, उद्याची बघू." मी म्हटलं, "सुटी आहे का तुझी उद्या?" माझंच घोडं पुढे. शालिकरामने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काठी टेकत उठला. "चाला मंग." तेव्हा साडेदहा वाजले असतील. त्या वेळी त्याला सगळं कळलेलं होतं, तरी तो उठला. आम्हाला दोघांना एकटं सोडायला नको म्हणून उठला की अठ्ठावीस वर्षांची हेडमास्तरांचं ऐकायची सवय होती म्हणून, हे मला आता कोणी सांगू शकत नाही...

उतारावर मीनलला चक्कर आली तेव्हा त्याने आपली बाटली तिच्या हातात दिली आणि आपल्या अंगाची सावली तिच्यावर पडेल असा उन्हाच्या बाजूने चालू लागला. गाव टप्प्यात आलं आणि तो थांबला. तोंड लाल, कपाळावर घामाचा एक थेंब नाही. मला म्हणाला, "सर, घंटा झाली का?" मी म्हटलं, कसली घंटा, अरे? "पोट्टे वर्गातच आहेत ना अजून... सोडा त्याइले." आणि खाली बसला. पुढचं काय सांगू. गावातल्या पोरांनी खाटेवर उचलून आणला, गाडी करून आधी जवळच्या दवाखान्यात, मग गोंदियाला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान हलवून म्हणत होता, "लू लग गई है इनको, लू." तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला, तो मी तिसऱ्यांदा उचलला.

खरी शिक्षा मला तेरवीच्या दिवशी मिळाली. मांडवात जो तो माझ्या पाठीवर हात ठेवत होता. "तुमचा काय दोष, सर? दुपट्टा तर ओला होता म्हनते." "शालिकरामचा अंदाज चुकला." "वय झालं होतं, नाही समजलं त्याले." ज्या गावाने चाळीस वर्षं शालिकरामला विचारून उन्हात बैल जुंपले, ते गाव माझ्यासमोर बसून सांगत होतं की शालिकरामला ऊन कळलं नाही. मीनलही फोनवर रोज हेच सांगायची, "बाबा, आपण त्यांच्याच नियमाने गेलो होतो." मी हूं हूं करत राहिलो. वहिनींनी दवाखान्यातून आणलेली पिशवी उघडली, आतून दुपट्टा काढला आणि झटकला. एक कड खळ घातल्यासारखी कडक झाली होती, आणि त्या कडेला मुंग्यांची रांग. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, याले मुंग्या कायले लागल्या?" मी म्हणालो, "काय माहीत, वहिनी." आणि पत्रावळीवरून उठलो.

महिना असाच काढला. लोकांशी बोलणं टाळलं, फिरणं बंद केलं, बायकोवर ओरडलो. कोणी शालिकरामचं नाव काढलं की वाटायचं, याला कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. शेवटी मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. धानाची रोवणी सुरू झालेली, वहिनी बांधीतून नुकत्याच आल्या होत्या, पाय पोटरीपर्यंत चिखलात. मी बसलोसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बाटली, लिंबू, साखर, चिलटं, झऱ्याशी तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. वहिनी पायावरचा चिखल काडीने काढत ऐकत होत्या. शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो. खरं म्हणजे दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हातातली काडी टाकून त्या म्हणाल्या, "म्हंजे त्याइचा अंदाज बराबर होता."

"बरोबर होता, वहिनी. शेवटपर्यंत बरोबर होता."

"मंग हे लोकाइले सांगा. मले एकटीले सांगून काय होते?"

म्हणून हे लिहितो आहे. चिचगडच्या, देवरीच्या, ज्यांनी ज्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला त्या सगळ्यांनी तो काढून घ्यावा. शालिकरामला ऊन कळत होतं. त्या दिवशीही कळलं होतं. दुपट्टा सुकला होता, आणि तो मी भिजवला.

त्या रविवारी मी जायला निघालो तर वहिनी म्हणाल्या, "बसा." माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही. "तेही असेच बसत जात, भावाची आठवन आली का. दुपट्टा टाकून बसत." त्यांनी खुंटीवरून तो दुपट्टा काढला, रांजणात बुडवला, खळबळून धुतला, दोनदा पिळला आणि तारेवर पसरला. मग चहा ठेवायला आत गेल्या. मी ओट्यावर माझ्या नेहमीच्या जागी बसलो. आभाळ भरून आलेलं, हवा दमट, पान हलत नव्हतं. एक कप झाला, दुसरा झाला. आतून वहिनींचा आवाज आला, "गुरुजी, सुकला का?"

मी उठलो, कडेला हात लावला आणि सांगितलं, "ओला आहे, वहिनी."

या वेळी तो खरंच ओला होता.