कानाच्या मशीनची पोच

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला तीन-चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं एका कुरिअरच्या कचेरीत नोकरीला होतो. कचेरी म्हणजे एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या दुकानातला पुढचा गाळा. हे व्यापारी म्हणजे आमचे मालक. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं कमी. जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी आली, वकील वाढले, डाळमिलवाल्यांना कागद झटपट पाठवायची घाई सुटली, म्हणून अप्पांनी ही एजन्सी घेतली होती. डाळीच्या गोण्यांशेजारी एक टेबल, एक तराजू, एक कपाट आणि मी.

दिल्ली-कलकत्त्याचा माल विमानानं हैदराबादला उतरायचा आणि तिथून बसच्या टपावरच्या थैलीत उदगीरमार्गे सकाळी आमच्याकडं यायचा. थैली उघडताना मला भारी वाटायचं. काल आभाळात होतं ते आज माझ्या टेबलावर आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचोसुद्धा. गावातलं वाटप मी सायकलवर करायचो. उदगीर, जळकोट भागातलं असेल तर आठवड्यातून एकदा, मंगळवारी, बसनं जायचं. पार्सल देऊन पोचेच्या कागदावर सही घ्यायची आणि तो कागद परत हैदराबादला पाठवायचा. आमच्या धंद्यात सगळा विश्वास त्या पोचेवर. ती गेली की पार्सल पोचलं, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

मार्चमध्ये दिल्लीहून एक डबी आली. साबणाच्या वडीएवढी, पांढऱ्या कापडात शिवलेली. पाठवणाऱ्यानं सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता, म्हणून ती आधी उस्मानाबादला जाऊन चार-पाच दिवस पडली आणि मग तांबड्या पेन्सिलीच्या रेघा अंगावर घेऊन आमच्याकडं आली. त्या काळात असं सारखं व्हायचं. माणसं नव्या जिल्ह्यात आली होती, त्यांचे पत्ते जुन्यातच राहिले होते. पत्ता जळकोटच्या पुढच्या एका गावाचा होता. बाईचं नाव, आणि त्याखाली ‘बौद्धवाडा, समाजमंदिराजवळ’.

त्या मंगळवारी आमच्या गल्लीत टँकर येणार होता. दहा दिवसांनी येत होता. घरात मी आणि आई, आईचे गुडघे धरलेले. मी हंडे घेऊन रांगेत उभा राहिलो आणि बस चुकवली. इथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण पार्सलाला आधीच उशीर झाला होता आणि हैदराबादहून पोच लवकर पाठवा म्हणून निरोप आला होता. पुढच्या मंगळवारी जाणारच आहे, पोच तेवढी आज पाठवून देऊ, असा विचार मी केला. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी कागद समोर घेतला, पत्ता वाचला, शाईच्या गादीवर माझा डावा अंगठा टेकवला आणि सहीच्या जागी उमटवला. बाजूला कंसात त्या बाईचं नाव लिहिलं.

सही करण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. हे मला नीट सांगायचं आहे, कारण पुढं सगळं त्यावरच येऊन थांबतं. वकिलाचं किंवा डॉक्टरचं पार्सल असतं तर मी अंगठा उमटवला नसता. खरं तर पोचच खोटी केली नसती, कसंही करून गेलो असतो. तिथं काय एवढं घाईचं असणार, असं मला वाटलं.

पुढच्या मंगळवारी जळकोटच्या बाजूचं दुसरं काही नव्हतं. एका डबीसाठी बसचे धक्के खायचे आणि फाट्यावरून तासभर उन्हात चालायचं मला जिवावर आलं. त्यानंतरच्या मंगळवारी डबी कपाटात फॉर्मच्या गठ्ठ्यामागं गेली होती. पोच गेलेली असल्यामुळं कुणी विचारलं नाही. पाच आठवडे ती तिथंच राहिली.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तिशीतल्या एक बाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ती पोच होती, माझा अंगठा असलेली. त्यांचे भाऊ दिल्लीच्या विमानतळावर मालाच्या गोदामात कामाला होते. बहिणीला डबी मिळाली नाही म्हटल्यावर त्यांनी तिथून पाठपुरावा करून पोच मागवली आणि बहिणीला पाठवून दिली.

“हा अंगठा कुणाचा?” बाईंनी विचारलं.

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मला ऐकू येत नाही, लिहून द्या, असं त्या म्हणाल्या. गोण्यांवर दोन गिऱ्हाइकं बसली होती. अप्पा वजन करायचे थांबले होते. मी लिहिलं, ‘तुमच्या घरी कुणीतरी घेतलं असेल, चौकशी करा.’

त्यांनी ते वाचलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्या घरात अंगठा लावणारं कुणी नाही. माझी आईसुद्धा सही करती. मी शिकवली तिला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते.”

अप्पा उठून आले. त्यांनी पोच बघितली, मग माझ्याकडं बघितलं. “कपाट उघड,” एवढंच म्हणाले. मी डबी काढली आणि लिहून दिलं की घरी कुणी नव्हतं म्हणून परत आली होती. पाच मिनिटांत दुसरं खोटं, आणि पहिल्याशी न जुळणारं. बाईंनी तेही वाचलं. मग तिथंच उभ्या उभ्या दातानं शिवण तोडून त्यांनी डबी उघडली. आत कानाची मशीन होती. तेव्हा ती आतासारखी कानात बसणारी नसायची. काडेपेटीहून थोडी मोठी पेटी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायचं बटण. दिवाळीत भावानं ती दुरुस्तीला नेली होती. बाईंनी सेल घातला, पेटी पदराआड अडकवली, बटण कानात बसवलं आणि चकती फिरवून नीट केलं. सगळं दुकान बघत होतं.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या. “आता ऐकू येतं.”

मी म्हणालो, “माझा.”

“खोटंच करायचं होतं तर सही का नाही केली?”

मी उगीच डबीवरचं सुटलेलं कापड गोळा करायला लागलो. मग त्यांनीच विचारलं, “पत्ता वाचून?”

मी मान खाली घातली. गिऱ्हाइकांपैकी एक जण म्हणाला, जाऊ द्या बाई, मिळालं ना तुमचं. अप्पांनी त्याला हातानं गप्प केलं.

मग त्यांनी जे झालं ते सांगितलं, शाळेतला हिशेब समजावून सांगावा तसं. त्यांना ऐकू कमी येतं हे त्यांनी खात्याला कळवलं नव्हतं. मशीन पदराआड असायची, मुलांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही. मशीन नसताना त्या मुलांच्या ओठांकडं बघून महिने काढत होत्या. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब, तपासण्यांचा जोर. एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस शिक्षण विस्तार अधिकारी न कळवता आले आणि मागच्या बाकावर बसून त्यांनी काही विचारलं. बाई फळ्यावर लिहीत राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, बाईंनी भलतंच उत्तर दिलं, पोरं हसली. वर्गाकडं लक्ष नाही, असा शेरा मारून साहेब गेले आणि आठ दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली.

“मला उत्तर द्यायचं आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खरं काय झालं ते लिहून द्या. मशीन इथं किती दिवस पडली होती ते.”

मी म्हणालो, त्यानं खात्याला तुमचं ऐकू न येणं कळेल. हे मी त्यांच्या भल्यासाठी बोललो की स्वतःला वाचवायला, मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

“मला समजतं ते,” त्या म्हणाल्या. “लिहा. आणि खाली सही करा.”

मी लिहिलं. दोनदा खाडाखोड झाली. त्यांनी कागद वाचून त्याची घडी केली आणि अप्पांना नमस्कार करून त्या निघून गेल्या.

अप्पांनी मला काढलं नाही. काढतील असं वाटत होतं आणि काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “अजून किती अशा?” मी म्हणालो, ही एकच. ते खरं होतं, पण त्यांनी विश्वास ठेवला नसावा. त्यानंतर सगळ्या पोचा ते स्वतः बघायला लागले.

आठ दिवसांनी भावानं पाठवलेले मशीनचे सेल आले. सुट्टी लागायच्या आधीचे शेवटचे दिवस, सकाळची शाळा. मी मंगळवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी गेलो. फाट्यापासून चालत शाळेत पोचेपर्यंत टाळू तापली होती, घशाला कोरड पडली होती. बाईंनी पार्सल घेतलं, सही केली. माफी मागायची म्हणून मी रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो, ते तोंडातून निघेना. तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढं धरलं.

“तहान न्हाई,” मी म्हणालो.

का म्हणालो? गावात आड आटलेला, पाणी मोजून मिळतंय, आपण कशाला त्यांच्या वाट्याचं प्यावं, असं परतीच्या बसमध्ये मी स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात मी मागून दोन पेले प्यालो होतो. तिथंही पाणी मोजूनच होतं. आमच्या घरात आईनं ज्यांच्याकडचं पाणी कधी घेतलं नाही, त्यांच्याकडचं मीही कधी घेतलं नव्हतं, आणि हात पुढं झाला नाही. मी शिकलेला होतो, चारचौघांत असलं काही मानत नाही असं म्हणायचो. बाईंनी पेला परत तांब्यावर उपडा घातला नाही. पाणी त्या स्वतः प्याल्या आणि वर्गात गेल्या.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पुन्हा सेल आले. या वेळी पाणी प्यायचं आणि जे बोलायचं ते बोलायचं, असं ठरवून मी गेलो. वर्गात दुसरेच गुरुजी होते. त्यांनी सांगितलं की नोटीस मागं घेतली, पण ऐकू येत नाही हे कागदावर आल्यावर साहेबांनी बाईंची बदली केली. शहराजवळ सोयीचं पडेल असं आदेशात लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले, आईला एकटीला इथं ठेवून गेल्या, म्हातारी यायला तयार नव्हती.

नवी शाळा रेणापूरकडं होती, लातूरपासून बसनं तासभरसुद्धा नाही. त्या पार्सलावर मी नवा पत्ता लिहिला. आमच्याकडं तेव्हा वाटपाला आणखी एक जण लागला होता. पार्सल मी त्याच्या हाती दिलं. पुढची दोन पार्सलंही त्याच्याच हाती दिली, आणि तो आजारी पडला तेव्हा त्याची वाट बघत त्यातलं एक दिवसभर थांबवलं.

वर्षभरानं मी नांदेडला दुसऱ्या कुरिअरमध्ये लागलो आणि तिथंच निवृत्त झालो. रेणापूरला मी अजून गेलेलो नाही.