पुढं मैदान मोकळं हाय!

आमच्या दिंडोरी-नाशिक एस.टी.च्या कंडक्टरकाकांना हळू बोलताच येत नाही. "पुढं सरका! पुढं मैदान मोकळं हाय!" हे ते कानाशी येऊनही ओरडूनच सांगतात. मी मागच्या सीटवरून त्यांची नक्कल करतो, म्हणून माझं तिकीट ते मुद्दाम दोनदा बघतात.

परवा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गाडीत होत्या. लेकीचं लग्न उरकून दोघं पहिल्यांदाच फिरायला, ऋषिकेशच्या डोंगरात गेलेले.

"जंगलात गाइड म्हणला, आवाज नको. तेवढ्यात हत्ती आडवा आला, तर हे वरडले, पुढं सरका!" काकू सांगू लागल्या.

"सरकला ना पण?" काका तिकीट फाडत म्हणाले.

"सरकला. अन् राफ्टिंगला नदीचा फेस बघून यांचीच वाचा बसली! बोटीत चढंनात. मला तर लय हौस."

"मग काकू, राहिलं?" मी विचारलं.

"राहतंय कशाला! मी चढून बसले, शेजारची जागा थोपटली अन् वरडले, पुढं सरका! पुढं मैदान मोकळं हाय!"

अख्खी गाडी हसली. काकांनी लाजत दोरी ओढली, टिंग टिंग. मग माझ्या कानाशी वाकले आणि चक्क कुजबुजले,

"तुझ्यापेक्षा तिलाच भारी जमतंय, नाय का रं?"