सटवाजीला पाठ असलेलं नाटक

सटवाजी गेल्याचं मला हळदीच्या काट्याजवळ कळलं. हिंगोलीच्या घाऊक बाजारात, मोंढ्यात, मी एका आडतीवर दिवाणजी आहे. पुसेगावच्या एका शेतकऱ्याची हळद आली होती आणि मी त्याच्या पोत्यांना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. काटा थांबला तेव्हा तो सहज बोलल्यासारखं बोलला, “तुमचा सटवाजी गेला की वो, दिवाणजी. ताप आला अन् तीन दिसांत खलास. तेरवी बी झाली.” मी “अरेरे” म्हटलं आणि पुढची चिठ्ठी लिहिली. तिच्यावर शेतकऱ्याच्या नावाऐवजी सटवाजीचं नाव पडलं होतं... ती फाडायला हात धजेना, खिशात घातली. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवणार तरी कशाला? मी त्याचा सोयरा नव्हतो, भावकीतला नव्हतो. एका नाटकात तासाभरापुरता मी त्याचा थोरला भाऊ झालो होतो, एवढंच आमचं नातं.

अडतीस सालाच्या आसपासची गोष्ट. शाळेतले गुरुजी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवीत. मला लिहितावाचता येई, म्हणून मी मदतीला जायचो. दिवसभर राबून आलेली माणसं पाटीवरच्या अक्षरांकडे बघत जांभया देत. मग एके दिवशी गुरुजींनी स्वतः लिहिलेलं एक छोटं नाटक वहीतून आणलं. दोन भाऊ आणि त्यांची एक सामाईक विहीर. “आधी बोलायला लागा, अक्षरं मागून येतील,” ते म्हणाले. मला नाटकाचा तिटकारा होता. नाटकाच्या नादी लागलेला माणूस कामातून गेला, असंच आमच्या घरात मानत. पण वही वाचून दाखवणारा मी एकटाच, म्हणून थोरला भाऊ माझ्या गळ्यात पडला. धाकटा झाला सटवाजी. खरं तर तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा.

तो पुसेगावचा मेंढपाळ. रोगात मेंढरं गेली, म्हणून मोंढ्यात हमाली करायला आलेला. तो पोतं घेऊन गाडीपासून गोदामापर्यंत जाई आणि मी शेजारून चालत त्याला नाटक वाचून दाखवी. दोनदा ऐकलं की त्याला येई; त्याचंच नव्हे, सगळ्यांचं. पण ओसरीवर उभा केला की तोंडातून शब्द फुटेना. गुरुजी चिडले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, पाठीवर पोतं असलं की बराबर येते. रिकाम्या पाठीनं काय बी सुचत न्हाई.” आम्ही पोट धरून हसलो. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पोत्यात भुसा भरायला लावला आणि नाटकच बदललं. धाकटा भाऊ प्रत्येक प्रवेशात पोतं घेऊनच येऊ लागला.

एका संध्याकाळी तालमीत मी माझं शेवटचं वाक्य बोललो, “विहीर काय भाकर हाय व्हय रे, अर्धी अर्धी मोडायला?” सटवाजीनं पोत्याखालून मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. मला सख्खा भाऊ नाही. पण त्या क्षणी मला भाऊ होता, आणि तो तुटत चालला होता. घरी जाताना रस्ताभर मी ते वाक्य मोठ्यानं म्हणत गेलो. लोक बघत होते, बघोत. नाटकाचं वेड मला लागलं ते त्या संध्याकाळी.

तेव्हा संस्थानी अमल होता; नाटकाला परवानगी लागे, आणि कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. वही तपासायला द्यावी लागली. दिवे लागायच्या आत आटोपण्याच्या अटीवर परवानगी आली. वही काही परत आली नाही. दुसरी प्रत नव्हती. “वही कशाला पाहिजे? मी हाय ना,” सटवाजी म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी देवळासमोर नाटक झालं. शेवटच्या प्रवेशात मी माझं ते वाक्यच विसरलो. तेव्हा पोत्याखालून, ओझ्यानं कण्हल्यासारखं, सटवाजीनं मला माझं वाक्य दिलं. मी ते बोललो आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नंतर जो तो मलाच म्हणे, “दिवाणजी, काय बोललात!” मी हात जोडून कौतुक घेत राहिलो. सगळे पांगल्यावर सटवाजीला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? तो भुसा झटकत म्हणाला, “दादा, लोकायला रडू आलं ना? मंग झालं.” तेव्हापासून तो मला दादाच म्हणे.

पुढे गुरुजी दूरच्या गावी गेले, वर्ग बंद पडला. सटवाजीनं चार मेंढरं धरली आणि पुसेगावला परतला. पण दर साली हळदीच्या दिवसांत आडतीवर यायचा. “दादा, औंदा करायचं का आपुन?” मी म्हणायचो, “पुढच्या साली.” गेल्या वर्षी आला तो थकलेला दिसला. “करायचं न्हाई तर न्हाई, पण लिहून तरी घ्या. मी बोलतो, तुमी लिहा. एकल्यानं किती दिस वागवू?” मी म्हटलं, गर्दी ओसरू दे. तो पोत्यांवर तासभर बसला आणि गेला... गर्दी नव्हतीच त्या दिवशी. मोंढा हसेल याची मला लाज होती, आणि त्याच्याशिवाय चारचौघांत मला ते वाक्य येत नाही हे उघडं पडायची भीती. एवढ्या क्षुद्र कारणासाठी मी त्याला परत पाठवलं.

आता मी नवी वही आणली आहे. त्या नाटकाबद्दल ज्याच्याशी बोलावं असं हिंगोलीत कुणी उरलेलं नाही. माझी वाक्यं लिहितो आणि मध्ये त्याच्यासाठी जागा सोडतो. चार पानं झाली. त्यांतली निम्म्याहून अधिक जागा कोरीच आहे.

गेल्या आठवड्यात मोंढा बंद होता. मी आडतीचं दार आतून लावलं, अर्धं भरलेलं एक पोतं पाठीवर घेतलं आणि गोदामापर्यंत चालू लागलो. तिसऱ्या फेरीला कंबर मोडून आली, आणि कानाशी सटवाजीचा आवाज आला, अगदी स्पष्ट, “विहीर काय भाकर हाय व्हय रे...”

ते माझं वाक्य होतं. त्याचं एकही आलं नाही. पोतं पाठीवर तसंच ठेवून मी आणखी एक फेरी मारली.