झाकलेला विस्तव

मंडळी, दुपारी मी इथं टाकलेला फोटो बघून कुणी तसं करू नका. आधी हे वाचा.

आज आम्ही घरचे सगळे माकणीच्या धरणाकाठी हुरडा खायला गेलो होतो. आगटीची जागा मीच केली. भोवतीचं वाळलेलं गवत उपटलं, खड्डा घेतला, गोवऱ्या पेटवल्या. खाणं झाल्यावर निखाऱ्यांवर माती ओढली, पायानं दाबली आणि ‘आगटी अशी विझवायची’ असं लिहून ऐटीत फोटो टाकला.

मग जरा पाण्याकडं फिरून आलो, तर मेंढरं चारणारी एक म्हातारी आगटीपाशी वाकलेली. खड्ड्याच्या कडेला गवताच्या मुळातून बारीक धूर निघत होता. तिनं काठीनं माती उकरली. खाली निखारे लालबुंद! वारा सुटलेला, पलीकडं सगळं वाळलेलं गवत आणि त्यात तिची मेंढरं.

“इझवलास कुठं लेकरा? जगवून ठिवलास की! सकाळच्या चुलीला इस्तू राखायचा असला, तर आमीबी असंच झाकताव.”

आम्ही कॅनभर पाणी ओतलं, चिखल होईस्तोवर कालवलं. तळहाताला राख गार लागली, तेव्हाच म्हातारी तिथून हलली.

फोटो मी काढून टाकलाय. पण त्याखाली एका मित्राची कमेंट होती : ‘आम्हीपण तुळजापूरच्या डोंगरात अगदी असंच झाकून निघालो.’

तासभर त्याला फोन लावतोय, लागत नाही. ते नेमके कुठं बसले होते, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?