तेओदुलाचे आलिसो

तेओदुला ब्राकामोंते माझी शेजारीण. तिच्या घेवड्याच्या शेताच्या खालच्या अंगाने ओढा जातो. काठावर पांढऱ्या सालीचा जुना आलिसो वृक्ष होता. त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. वादळात तो पडला आणि दर पावसाळ्यात ओढा तिची हातभर जमीन गिळू लागला.

मग तिने ओढ्याच्या ओल्या वाळूत आपोआप उगवलेली आलिसोची रोपं चिखलासकट उचलली आणि काठाशी लावली. आठवड्यात धाकटा दीर रोसेंदो याच्या गाईंनी ती साफ केली.

"रोसेंदो, गाई बांध तुझ्या!"

"वहिनी, गाईला काय कळतंय कुणाचं झाड ते? आणि आलिसोचं करणार काय? ना फळ, ना धड जळण."

"काठ धरतो तो."

"काठ काय पळून चाललाय?"

"पळूनच चाललाय, मेल्या! माझ्या घेवड्यासकट!"

दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. गावच्या सभेत तिने विषय काढला तर बाप्ये हसले. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या सभेत बघू." त्या दिवशी घरी येऊन तिने रोट्यांचं पीठ इतकं बडवलं की मला आमच्या अंगणात ऐकू आलं.

चौथ्या वर्षी रोसेंदोची भुरी गाय रोपांत घुसलेली तिने पकडली, ओढत आणून परसात बांधली. चारा मी नेऊन टाकायचे. ती दूध काढून चीज करायची. रोसेंदो तणतणत आला.

"ही चोरी आहे, वहिनी!"

"कर की तक्रार. पुढच्या सभेत बघतील."

पाचव्या दिवशी तो मुकाट्याने खांब आणि काटेरी तार घेऊन आला. दिवसभर रोपांभोवती कुंपण घालत होता. तिने गाय सोडली, पण त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

दोन वर्षांत झाडं तिच्या खांद्याला आली. मग ऑगस्टमध्ये भर दुपारी डोंगरातून लोंढा आला. कुंपण, झाडं, खालचा अर्धा घेवडा, सगळं घेऊन गेला. वाहत गेलेली काही झाडं पलीकडच्या काठाला, रोसेंदोच्या कुरणाखालच्या गाळात अडकली आणि तिथेच रुजली. त्याचा काठ पक्का झाला, आणि पाणी जास्तच जोराने तिच्याकडे वळलं.

तो ओशाळून आला. "वहिनी, दोन-चार उपटून नेता का?"

"मुळं धरलीत त्यांनी. उपटली तर मरतील. असू देत तिथेच."

तो गेल्यावर तिने हातातली बादली अंगणात भिरकावली. "राबले मी, आणि काठ वाचला त्याचा!"

खरंच होतं ते.

यंदा तिने घेवडा घरापुढच्या खडकाळ जागेत लावलाय. पाणी बादलीने घालते. पीक निम्मंच आलं. त्यातला पदरभर मला आणून दिला, आणि देतानाही रोसेंदोच्या नावाने खडे फोडत होती.